ओल्या पायाचा ठसा आणि चार हजारांचे बूट

पत्र असं आलंय, थोडं आखडून देतेय:

"माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीत. उंची १३४ सेंमी, वजन ४६ किलो. शाळेतल्या तपासणीत फ्लॅट फूट आहेत असं सांगितलं. आंघोळ करून बाहेर आला की फरशीवर अख्खा पाय उमटतो. बूट आतल्या बाजूने झिजतात, संध्याकाळी पाय दुखतात म्हणतो, पळताना मागे पडतो आणि पोरं त्याला बदक म्हणतात. एका दुकानात कमानवाले बूट सांगितलेत, चार हजार, आणि दरवर्षी नवे घ्यायचे. सासूबाई रोज काशाच्या वाटीने तळपाय घासतात. सासरे म्हणतात, झालं, आता याला मिलिटरीत घेत नाहीत. मी व्हिडिओ बघून व्यायाम सुरू केले, चार दिवसांत बंद पडले. व्यायामाने कमान येते का हो? – एक आई, नाशिक"

ताई,

बूट अजून घेतले नसतील तर थांबा जरा. घेतले असतील तर असू देत, वापरा, त्यात वाईट काही नाही, फक्त पुढच्या वर्षीचे लगेच बुक करू नका.

तुमचा प्रश्न सरळ आहे म्हणून उत्तरही सरळ देते. व्यायामाने काही मुलांची कमान थोडी वर येते, पण ती व्यायामाने आली की वाढत्या वयाने आली हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, कारण या वयात ती आपली आपणही वर येतच असते. मी वीस वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी करतेय आणि माझ्याकडच्या पोरांना व्यायाम देते ते कमान दिसावी म्हणून नाही, तर पाय दुखायचा थांबावा आणि पोरगं पळायला लागावं म्हणून. या दोन गोष्टी मात्र होतात. त्यामुळे तो फरशीवरचा ओला ठसा बघणं आजपासून बंद करा, त्याने फक्त तुमचा बीपी वाढतोय. माझे स्वतःचे तळवे पापडासारखे सपाट आहेत आणि मी दिवसभर उभी असते, तक्रार काही नाही.

आधी हे समजून घ्या की कमान जन्मतः नसतेच. तान्ह्या बाळाचा तळवा बघा, गुबगुबीत, सपाट, मधल्या भागात चरबीची गादीच असते. चालायला लागलं, स्नायू आणि अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) घट्ट होत गेले की हळूहळू कमान तयार होते आणि हे साधारण पहिली दहा वर्षं चालतं, म्हणजे तुमच्या लेकाचं काम अजून पूर्ण झालेलंच नाही. ऑस्ट्रियात ३ ते ६ वर्षांची ८३५ मुलं तपासली होती, २००६ साली ते छापून आलं. त्यात ३ वर्षांच्या मुलांत ५४ टक्के सपाट पाय निघाले आणि ६ वर्षांच्यांत २४ टक्के. स्थूल मुलांचं वेगळं बघितलं तर ६२ टक्के. खरोखर आजार म्हणावा असा पाय शंभरात एकाचाही नव्हता आणि तरी दहा टक्के पोरं बुटात आधार घालून फिरत होती! म्हणजे दुकानदार तिकडचे असोत की आपल्याकडचे, सारखेच.

आता वजनाचा संबंध, कारण तो आहे आणि तो लपवून उपयोग नाही. लहान मुलांचे सांधे आधीच लवचिक, त्यावर जास्त वजन सतत पडलं की पाय आतल्या बाजूला कलतो, टाच बाहेर झुकते, कमान खाली बसते, आणि तिला वर धरून ठेवणारा पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात उतरणारा जो स्नायू आहे तो दिवसभर ओढून ओढून दमतो. संध्याकाळी पाय दुखायचं हे एक मोठं कारण. काही जण म्हणतात की जाड मुलांचा पाय नुसता चरबीमुळे सपाट दिसतो, तर सोनोग्राफी करून बघितलेल्या अभ्यासांत दोन्ही निघालंय, काहींत गादी जाड, काहींत कमान खरंच खाली. तुमच्या घरात याने फारसा फरक पडत नाही, करायचं तेच आहे.

आज संध्याकाळी एक करा. त्याला अनवाणी उभा करा, तुम्ही मागे बसा आणि त्याला चवड्यावर उभं राहायला सांगा, भिंतीला हात टेकून चालेल. चवड्यावर गेल्यावर तळव्याला कमान दिसली आणि टाचा आतल्या बाजूला वळल्या तर पाय लवचिक आहे, जो बहुतेकांचा असतो. खुर्चीत बसवून पाय लोंबकळत सोडले तरी कमान दिसेल. शिवाय त्याला टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसायला सांगा, आपल्या भारतीय संडासात बसतात तसं. टाचा उचलल्या जात असतील किंवा मागे पडत असेल तर पोटऱ्या आखडलेल्या असण्याची शक्यता बरीच. पोट मध्ये येतं म्हणूनही जमत नाही काहींना, ते लक्षात ठेवा. पण हल्ली कमोडमुळे उकिडवं बसणंच संपलंय आणि आखडलेली पोटरी ही सपाट पायाची मोठी दुश्मन आहे, कारण घोटा वर वाकत नाही म्हणून पाऊल मधूनच मोडतं आणि कमान आणखी खाली जाते.

आणि हे नीट वाचा, इथे घाई करू नका. चवड्यावर उभं राहूनही कमान आलीच नाही, पाय लाकडासारखा कडक आहे, एकच पाय सपाट आहे, आधी होती ती कमान अलीकडे गेली, सूज आहे, रात्री दुखण्याने झोपमोड होते, सकाळी उठल्यावरही लंगडतो, यातलं काहीही असेल तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवा आणि मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठत असेल तरीही दाखवा, तो स्नायूंचा वेगळा विषय असू शकतो. आणखी एक, जी स्थूल मुलांच्या आईवडिलांना कुणी सांगत नाही म्हणून मी प्रत्येकाला सांगते. साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या वजनदार मुलात खुब्याच्या सांध्यातलं हाड वाढीच्या जागी सरकू शकतं. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, बरेचदा दुखतं गुडघ्यात किंवा मांडीत, खुब्यात नाही, आणि पाऊल बाहेर फिरवून लंगडत चालतो. घरचे म्हणतात वजनाने गुडघा दुखतोय, चाल जरा, कमी होईल. नाही. असं दिसलं तर चालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर आणि खुब्याचा एक्स-रे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण तो दहाचा होतोय म्हणून सांगून ठेवलं. टाचेच्या मागच्या भागात दाबल्यावर दुखत असेल तर तीही या वयातली नेहमीची तक्रार आहे, टाचेच्या वाढीच्या भागावर ताण येतो, थोडा आराम आणि पोटरी ताणण्याने बसते, तिला सपाट पायाच्या खात्यात टाकू नका.

आता व्यायाम. तुमचे चार दिवसांत बंद पडले याचं मला नवल नाही. मी नवीन होते तेव्हा एका मुलाला बारा व्यायामांचा छापील कागद दिला होता, महिन्याने आला तेव्हा त्या कागदाचं विमान करून झालेलं होतं. तेव्हापासून मी तीन-चारच देते आणि तेही त्याच्या दिवसात कुठेतरी चिकटवून देते.

पहिला पोटरीचा. भिंतीला हात, एक पाय मागे, मागची टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ, आणि बोटं समोर, बाहेर नाही, हे महत्त्वाचं, कारण सपाट पायाची मुलं पाऊल बाहेर वळवून फसवतात आणि मग पोटरी ताणली न जाता कमानच मोडते. तीस सेकंद धरायचं, तीन वेळा, मग पाय बदल. नंतर तेच गुडघा जरा वाकवून, त्याने खालचा स्नायू ताणला जातो. सेकंद मोजायला घड्याळ नको, पाढा म्हणायला लावा, बाराचा पाढा न अडखळता दीडदा म्हटला तर तीसेक सेकंद होतात आणि चौथीतल्या पोराचे पाढेही पक्के होतात, एका दगडात दोन पक्षी.

दुसरा चवड्यांचा. दोन्ही टाचांमध्ये टेनिसचा बॉल धरायचा, दाबून ठेवायचा आणि हळू वर, हळू खाली. बॉल दाबल्यामुळे तो आतल्या बाजूचा स्नायू कामाला लागतो, नुसतं चवड्यावर नाचण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. दहा वेळा, मग थांबून परत दहा. सुरुवातीला पाच जमले तर पाच. खाली येताना धपकन टाच आपटली तर तो मोजायचा नाही, त्याला सांगा की खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाता कामा नये.

तिसरा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. पाय जमिनीवर, बोटं लांब सपाट, आणि बोटं न आखडता अंगठ्याचा चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे पाऊल आखूड करायचं आणि कमान उचलायची. पाच सेकंद धर, सोड, दहा वेळा. पहिल्या आठवड्यात जमणार नाही, बोटं वाकडी होतील, चेहरा वाकडा होईल, पाऊल हलणारही नाही. तुम्ही स्वतः करून बघा म्हणजे त्याच्यावर चिडणार नाही. आधी बसून, जमलं की उभं राहून, मग एका पायावर. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा त्याचाच पुढचा भाग, सकाळी डावा, रात्री उजवा, बेसिनला हात जवळ ठेवून.

पायाच्या बोटांनी गोट्या उचलणं, टॉवेल गोळा करणं हे सगळे व्हिडिओवाले दाखवतात. वाईट नाही, मुलांना आवडतं म्हणून मी देते, गोट्या नसतील तर चिंचोके उचलू दे आणि डब्यात टाकू दे, आजीशी स्पर्धा लावा. पण त्यात बोटं वाकवणारे लांब स्नायूच जास्त काम करतात म्हणून तेवढ्यावर भागवू नका.

आणि पायाचा व्यायाम म्हणजे फक्त पायाचा नाही हो. वजनदार मुलांचे गुडघे आत येतात, त्याचं मूळ बरेचदा कमरेत आणि नितंबात असतं, वरून मांडी आत फिरली की खाली पाऊल आत कोसळतंच. म्हणून पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, दहा वेळा दोनदा, आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, एवढे दोन रात्री गादीवरच करून घ्या. टीव्ही चालू असला तरी चालेल, माझी हरकत नाही.

उड्या, दोरी, पळण्याची शर्यत हे पहिले महिना-दीड महिना नको. आत्ता पाय दमलेले आहेत, त्यात उड्या मारायला लावल्या तर दुखेल, तो चिडेल आणि व्यायाम म्हणजे शिक्षा हे डोक्यात पक्कं बसेल. त्याऐवजी सायकल, पोहणं, सकाळी गोदावरीच्या काठाने किंवा जवळच्या मैदानावर चालणं. पाण्यात वजनच लागत नाही म्हणून पोहणं अशा मुलांना फार आवडतं, बाहेर मागे पडणारं पोरगं पाण्यात पुढे जातं, मी बघितलंय. नंतर मात्र लंगडी. मी हे उगाच जुन्या दिवसांच्या आठवणीने म्हणत नाहीये, लंगडीत एका पायावर तोल, चवड्याची ताकद, पोटरी, कंबर सगळं एकत्र येतं, क्लिनिकमधलं कुठलंच महागडं यंत्र एवढं देत नाही. आधी एका जागेवर दोन उड्या, मग ठिक्करची चार घरं, मातीवर किंवा गवतावर, सिमेंटवर नाही.

दुखण्याचा हिशोब असा ठेवा. व्यायामानंतर पोटऱ्या भरून आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण मोकळ्या झाल्या तर ठीक. सकाळीही दुखतंय तर जास्त झालं, निम्मं करा. आठवड्यातून पाच दिवस, रोज दहा-बारा मिनिटं आणि तीन महिने. तीन महिन्यांच्या आत "काही फरक नाही" असं म्हणायचं नाही. आणि जवळच्या फिजिओला एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या, दोन-तीन वेळा गेलात तरी पुरे, पाऊल आखूड करणं लिहून शिकवता येत नाही.

बुटांचं. अमेरिकेत १२९ मुलांवर तीन वर्षं बघितलं होतं, काहींना खास बूट, काहींना आत घालायचे साचे, काहींना साधेच बूट. १९८९ साली निकाल आला, सगळ्यांचे पाय सारखेच सुधारले, साध्या बूटवाल्यांचेसुद्धा. आणि आपल्या इकडचं सांगायचं तर मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले होते, १९९२ चं काम आहे, त्यात चपला-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के, बंद बुटात सगळ्यात जास्त. त्यामुळे घरात त्याला अनवाणीच राहू दे, गच्चीवर, अंगणात, मातीत फिरू दे (मे महिन्यात दुपारी नको अर्थातच). मऊ स्लिपर घालून घरभर फिरायची जी नवीन फॅशन आहे ती त्याच्यासाठी नाही.

शाळेसाठी साधा चांगला बूट बघा. पुढे अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाचेचा भाग दाबला तर दबायला नको, आणि बूट वाकवला की बोटांच्या जागी वाकायला हवा, मधून घडी पडत असेल तर ठेवून द्या. पीटीचे ते पातळ सोलचे पांढरे कॅनव्हास त्याला फारसा आधार देत नाहीत, शाळेशी बोलून त्या दिवशीही स्पोर्ट्स शूज चालतील का विचारा, चिठ्ठी लागली तर डॉक्टर देतील. आणि वर्षभर चालतील म्हणून दोन साइझ मोठे घेऊ नका, पाय आत घसरतो आणि बोटं आखडून चालायची सवय लागते. आत घालायच्या सोलला माझा विरोध नाही, दुखत असेल तर दुखणं कमी करायला तयार मिळणारा मऊ आधार घालून बघा, त्याने खेळायला लागला तर उत्तमच. पण तो चष्म्यासारखा आहे, घातलाय तोवर मदत, त्याने कमान उगवत नाही.

वजनाबद्दल आता, आणि इथे मी जरा जपून लिहितेय कारण हे पत्र तोही वाचू शकतो. १३४ सेंमीला ४६ किलो म्हणजे बीएमआय साडेपंचवीसच्या आसपास येतो. मोठ्या माणसाचे आकडे मुलांना लावत नाहीत, मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, वय आणि मुलगा-मुलगी बघून, आणि त्या तक्त्यात तो स्थूलतेच्या रेषेच्या बराच वर आहे. म्हणून एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, साखर, लिव्हर, बीपी, व्हिटॅमिन डी बघतील, उंची नीट वाढत नसेल तर थायरॉइडही. पण नऊ वर्षांच्या पोराला डाएटवर ठेवायचं नाही, स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही. या वयात वर्षाला पाच-सहा सेंमी उंची वाढते, तेवढ्यात वजन आहे तिथेच थांबवलं तरी ती मोठी कमाई आहे. बदल घरातल्या सगळ्यांचा. चहाबरोबरची खारी-बिस्किटं, डब्यातलं नूडल्सचं पाकीट, संध्याकाळचं फरसाण, कोल्ड्रिंक हे त्याच्या ताटातून काढायचं नाही, घरात आणायचंच नाही, बाबांसाठीही नाही. भाकरी, उसळ, ताक, भुईमुगाच्या शेंगा, पेरू, यात उपाशी कुणी राहत नाही. झोप नऊ तास तरी. मुलांनी दिवसाला सरासरी एक तास घाम येईल असं हलावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तो तास सलग नसला तरी चालतो, शाळेत चालत जाणंही त्यात धरा.

आणि "व्यायाम कर नाहीतर आणखी जाड होशील" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पाय भक्कम करायला व्यायाम करतोय, एवढंच त्याच्या कानावर पडू द्या. बदक म्हणणाऱ्या पोरांबद्दल वर्गशिक्षकांशी तुम्ही बोला, त्याच्यासमोर नाही, मागाहून. तो लक्ष देत नाही असं दाखवत असेल, पण पळताना मागे पडतो म्हणून खेळायला जाणं सोडतो, खेळणं सोडतो म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून पाय दुखतात, हा जो गोल गोल फेरा आहे ना ताई, तो त्या चिडवण्यापासूनच सुरू झाला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सासऱ्यांना सांगा की सैन्यदलांच्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत सपाट पायाचं चक्क वेगळं वाक्य आहे. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत येत असेल, चवड्यांवर नीट पळता आणि उड्या मारता येत असतील आणि पाय लवचिक, बिनदुखीचे असतील तर उमेदवार चालतो. बाकीच्या भरत्यांचे नियम ज्या त्या जाहिरातीत बघावे लागतात, पण पोरगं चौथीत आहे हो, अजून आठ-नऊ वर्षं आहेत. त्यांना खरंच त्याला गणवेशात बघायचं असेल तर रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर मैदानावर जायची ड्यूटी त्यांना द्या.

काशाच्या वाटीने कमान येत नाही, पण बंद करू नका. दमलेल्या पायाला बरं वाटतं, आजीजवळ दहा मिनिटं निवांत पडतो, झोप चांगली लागते. फक्त वेळ बदला. आधी बॉल धरून चवडे, पाऊल आखूड करणं आणि पोटरी, ते सगळं आजीने मोजायचं, आणि झालं की मग वाटी. व्यायाम नाही तर वाटी नाही, हा नियम आजीने केला तर तो तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाळला जाईल.

तीन महिन्यांनी लिहा. ठशाचा फोटो नको, संध्याकाळी पाय दुखतात का आणि लंगडी घालत किती घरं जातो तेवढं कळवा.